न दिलेली संमती

ऋजुता हा शब्द आपण फार सैल हाताने वापरतो. जो कडू बोलत नाही, ज्याच्या वागण्यात आडपडदा नाही, त्याला ऋजू म्हणून आपण मोकळे होतो. ऋजू म्हणजे सरळ, हे खरेच. परंतु रस्ता सरळ असेतोवर सरळ चालणे कोणालाही साधते. माणूस वाट चुकतो, चुकीच्या वाटेवर बरेच अंतर तोडतो, चार माणसे विश्वासाने त्याच्या मागून येऊ लागतात, आणि मग त्याला उमगते की आपले पाऊल पहिल्याच वळणावर चुकले. त्या क्षणी, मागून येणाऱ्यांच्या देखत, वळून परत निघणे किती अवघड असते हे ज्याचे त्यालाच ठाऊक. टोकियोच्या कोतो भागात राहणाऱ्या जगदीश सोवनी ह्या गृहस्थांवर तो प्रसंग उतारवयात आला. त्यात आपण निभावलो की नाही, ह्याविषयी त्यांचे स्वतःचे मन शेवटपर्यंत साशंक होते. त्यांच्या पत्नी विभाताई मात्र निःशंक होत्या.

सोवनी मूळचे संगमनेरचे. वडील हायस्कुलात संस्कृत शिकवीत, आणि घरात सुभाषितांचा वावर मिठामोहरीइतका सहज असे. मुलगा अर्थशास्त्राकडे वळला, पुण्याहून जपानला संशोधनासाठी आला आणि ऊर्जेच्या अर्थकारणाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत स्थिरावला. विभाताई त्यांच्यामागून आल्या. काही वर्षे भाषा शिकण्यात आणि घर लावण्यात गेली, पुढे त्या कोतोमधल्या भारतीय शाळेत गणित शिकवू लागल्या. दोन हजार अकराच्या भूकंपानंतर ओळखीतली कितीतरी कुटुंबे आधी ओसाकाला आणि तिथून मायदेशी निघून गेली. सोवनी राहिले. कारण विचारले की म्हणत, "वीज हा माझा विषय. ती गेल्यावर मीही गेलो, तर अभ्यास कसला केला?"

त्याच वर्षी त्यांच्या इमारतीत शेजारच्या रिकाम्या घरात कान्नो-सान राहायला आल्या. फुकुशिमाच्या किनाऱ्यावरचे त्यांचे गाव अणुवीज केंद्राच्या अपघातामुळे एका दिवसात रिकामे झाले होते. बरोबर आजारी यजमान, दोन बोचकी आणि एका डब्यात मिठात मुरवलेले आंबट प्लम. पहिल्या आठवड्यात विभाताईंनी लिंबाचे लोणचे दिले, त्यांनी ते भाताबरोबर खाल्ले, डोळे गच्च मिटले आणि म्हणाल्या, "हे तर आमच्या प्लमचं भांडकुदळ भावंड आहे!" तिथून मैत्री जमली. यजमान दोन वर्षांनी वारले. पुढे निर्वासितांची सवलत संपली, तरी कान्नो-सान भाडे भरून तिथेच राहिल्या. गावाचे नाव त्या क्वचितच काढीत.

आता तिथल्या एका रीतीविषयी सांगायला हवे. जपानमध्ये वस्तीवस्तीत रहिवाशांचे मंडळ असते, आणि मंडळाच्या सूचना एका फळीला लावून घरोघर फिरवल्या जातात. ह्या फिरत्या फळीला 'काइरानबान' म्हणतात. कचऱ्याची बदललेली वेळ, अग्निशमनाचा सराव, उंदरांसाठी औषध टाकण्याचा दिवस, असे सारे तिच्यावर येते. प्रत्येक घराने वाचायचे, आपल्या आडनावाच्या चौकटीत छोटा शिक्का उमटवायचा आणि फळी शेजाऱ्याला द्यायची. सोवन्यांच्या घरी ती कान्नो-सानांकडून येई. त्या घंटी वाजवून ती हातात देत, आणि फळीबरोबर कधी सज्जातल्या कुंडीतली शिसोची सुवासिक पाने, कधी गुडघ्याची तक्रार, कधी नुसतेच हसू येई.

सोवन्यांचा ध्यास होता कार्बनच्या किमतीचा. कोळसा, तेल, वायू जाळून जो हवेत विष सोडतो, त्याने त्याचे मोल द्यावे, आणि जमलेला पैसा घराघरांत समसमान वाटून टाकावा, असे त्यांचे मत होते. ह्यात त्यांना धर्माचीच एक आकृती दिसे: ज्याने ऋण केले त्याने ते फेडावे. पण लोकांना ती दिसत नसे. सरकारने पूर्वीच एक बारीकसा कर इंधनावर बसवला होता. तो आपण भरतो आहोत हेसुद्धा बहुतेकांच्या गावी नव्हते, आणि ज्यांच्या गावी होते त्यांना तो कुठे जातो हे सांगता येत नव्हते. निवडणुका आल्या की सर्व पक्षांची पत्रके हिरवीगार होत. मात्र ह्या हिरवळीची किंमत कोण देणार, त्या परिच्छेदापाशी अक्षरे बारीक होत जात.

"सर, कार्बन टॅक्सवर लोक चिडत नाहीत हो," त्यांचा तरुण सहकारी शैलेंद्र म्हणे. "चिडले असते तर बरं होतं. लोक झोपतात."

"झोपलेल्याला जागं करता येतं, शैलेंद्र."

"झोपलेल्याला येतं. तुमच्या स्लाइड्समुळे झोपलेल्याला नाही."

दोन हजार बावीसच्या वसंतात सोवन्यांनी मंडळाचे प्रमुख ओकुदा-सान ह्यांची परवानगी घेऊन फळीवर स्वतःचे एक पान लावले. ओकुदा-सान भुयारी रेल्वेतून निवृत्त झालेले, मितभाषी, टापटिपीचे. पानावर सोप्या जपानीत कार्बनच्या किमतीची कल्पना मांडली होती, आपल्याला ती न्याय्य वाटते का असे विचारले होते, आणि ज्यांची हरकत असेल त्यांनी ती लिहावी म्हणून खाली ऐसपैस जागा सोडली होती. शेवटी नेहमीच्या चौकटी. फळी सगळी इमारत फिरून आली तेव्हा एकही चौकट रिकामी नव्हती, आणि हरकतीच्या जागेत एक अक्षरही नव्हते.

सोवन्यांचा आनंद पोटात मावेना. जेवताना त्यांनी ते पान विभाताईंच्या ताटाशेजारी ठेवले.

"बघ, विभा. सगळेच्या सगळे!"

विभाताईंनी लाल शिक्क्यांकडे पाहिले. "अरे, शिक्का तर मीही मारते. न वाचता मारते. गेल्या महिन्यात उंदरांच्या औषधाचं काय ठरलं, मला अजून ठाऊक नाही."

"ते निराळं. इथे हरकतीला जागा ठेवली होती. एक तरी ओळ आली असती की नाही? प्रल्हादच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीला रंग कुठला द्यायचा, ह्यावर खुर्च्या उचलल्या होत्या माणसांनी!"

"तुझ्या भावाची सोसायटी कोथरूडला आहे."

"माणसं सगळीकडे सारखीच."

"मग आमटी थंड का करतोयस? माणसांसारखा जेव."

वडिलांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेले वचन त्यांच्या मनात त्या दिवशी घुमत असावे: मौनं संमतिलक्षणम्. जिथे विरोध असला की आवाज चढतो, त्या भूमीत हे वचन जन्मले. तिथे गप्प बसलेला माणूस खरोखरच राजी असतो, कारण राजी नसता तर गप्प बसला नसता. सोवनी वीस-पंचवीस वर्षे जपानी बोलत होते, जपानी पद्धतीने वाकून नमस्कार करीत होते. परंतु मौनाचा अर्थ लावताना त्यांच्या हाताशी संगमनेरचाच कोश होता. कान्नो-सान आणि त्यांचे शेजारी ज्या मातीत वाढले, तिथे शिक्का म्हणजे 'फळी पोहोचली' एवढेच. आणि परक्या माणसाने इतक्या मेहनतीने लिहिलेल्या पानाखाली नाराजीचे अक्षर काढणे हा त्या घरांत उद्धटपणा ठरला असता.

थोड्याच दिवसांत एका नागरिक-सभेत सोवनी बोलले. सामान्य माणूस कार्बनच्या किमतीला भितो असे म्हणतात. माझ्या इमारतीने मात्र तिला एकमुखाने होकार दिला आहे, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. टाळ्या पडल्या. सभेत एका पक्षाचे कार्यकर्ते बसले होते. जूनमध्ये, निवडणुकीची चाहूल लागताच, त्या पक्षाचे पत्रक टपालपेट्यांत पडले. वर इमारतीचे छायाचित्र, खाली मोठ्या अक्षरांत ओळ: कोतोच्या रहिवाशांचा कार्बनच्या किमतीला एकमताने पाठिंबा.

तो जून भाजून काढणारा होता. वीज कमी पडेल, जपून वापरा, असे इशारे येत होते. बिले चढली होती. अशा दिवसांत आपण आणखी किंमत मोजायला आनंदाने तयार आहोत, हे रहिवाशांना त्या पत्रकातून कळले.

कोणीही काही बोलले नाही. नमस्कार चालू राहिले. फक्त आखूड झाले. विभाताईंना ते आधी जाणवले. जिन्यात हवापाण्यावरची दोन वाक्ये व्हायची ती एकावर आली. मग एके सकाळी दार उघडले तर फळी पिशवीत घालून मुठीला अडकवलेली. कान्नो-सान घंटी न वाजवता निघून गेल्या होत्या. विभाताई पिशवी हातात धरून बराच वेळ उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

सोवन्यांना मात्र ते लिफ्टमध्ये ओकुदा-सानांनी कळवले, हसतमुखाने, त्यांच्यासाठी दाराचे बटण दाबून धरीत.

"सोवनी-सान, तुम्हाला ह्या देशात मतदान करता येत नाही ना?"

"नाही. नागरिकत्व नाही माझं."

"हं. पण आमच्या सगळ्यांचं मत मात्र तुम्ही देऊन टाकलंत." एवढे बोलून, किंचित वाकून, ते आपल्या मजल्यावर उतरले.

सोवन्यांनी घरी येऊन लिफ्टमधले बोलणे सांगितले. विभाताईंनी मुठीला अडकवलेल्या पिशवीची गोष्ट तेव्हा सांगितली. दुसऱ्या दिवशी, तिथल्या रिवाजाप्रमाणे मिठाईचा खोका घेऊन, दोघे शेजारच्या दारी गेले.

कान्नो-सानांनी आत घेतले, बसायला दिले, गव्हाचा थंड चहा ओतला. खोका त्यांनी दोन्ही हातांनी स्वीकारला आणि न उघडता बाजूला ठेवला. सोवन्यांची क्षमायाचना पुरी होईपर्यंत त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या.

"तुम्ही भले गृहस्थ आहात," त्या म्हणाल्या. "ते लोकही भलेच होते. तेही खोका घेऊनच यायचे."

"कोण लोक?"

"वीजकंपनीचे. केंद्राचा विस्तार करायचा होता. ही वीज स्वच्छ आहे, धूर नाही, असं सांगायचे. त्याही माहितीचं पान फळीवरच फिरलं. माझे यजमान त्या वर्षी गटप्रमुख होते. घरोघर फळी त्यांनीच पोहोचवली. सगळ्यांनी शिक्के मारले. मीही मारला. न मारून काय करता? पुढचं घर खोळंबतं." त्यांनी पेला थोडा फिरवला. "मग एके दिवशी वर्तमानपत्रात आलं, गावकऱ्यांची समजूत पटली आहे. पक्षांचे लोकही तेच बोलू लागले. कोणाची पटली, कधी पटली, आम्हालाच ठाऊक नव्हतं. यजमान शेवटी शेवटी तापात म्हणायचे, फळी मी नेली, मी नेली."

विभाताईंना पुढचे दिसेनासे झाले. सोवनी हलक्या आवाजात म्हणाले, "कार्बनची किंमत आणि ते केंद्र, ह्यांत फरक आहे, कान्नो-सान."

"असेल. तुम्ही शिकलेले आहात, फरक असणारच." पेला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "पण विचारण्याची तऱ्हा तीच होती. मला तुमच्या किमतीचं कळत नाही. मला विचारलं नव्हतं, एवढं कळतं."

घरी परतल्यावर सोवन्यांनी शिक्क्यांचे ते पान काढून समोर ठेवले. मग म्हणाले, "विभा, हे परत घ्यायला हवं. जिथे जिथे बोललो, तिथे तिथे."

पक्षाच्या कचेरीत त्यांना नम्रतेने सांगण्यात आले की आपली सूचना गांभीर्याने विचारात घेतली जाईल. ती तिथेच विचारात पडून राहिली. तेव्हा ज्या सभेत टाळ्या घेतल्या होत्या त्याच सभेत उभे राहून आपले विधान खोटे होते असे सांगण्याचे त्यांनी ठरवले. शैलेंद्र कळवळून घरी आला.

"सर, तुम्ही कोणाच्या हातात काठी देताय, कळतंय का? जे कर हाणून पाडायला बसलेत ते नाचतील. म्हणतील, यांच्याच माणसाने कबूल केलं, लोकांना नकोय. तुमच्या वीस वर्षांच्या कामावर पाणी. आणि एका इमारतीच्या शिक्क्यांनी असं काय बिघडतं?"

"बरोबर आहे तुझं. नाचतील."

"मग?"

"हवा स्वच्छ व्हावी म्हणून मी माणसांचं मौन लुबाडलं, शैलेंद्र. उद्या कर लागलाच, तर तो त्या लुटीवर उभा राहील. कान्नो-सानांचं गाव असंच उभं होतं."

शैलेंद्रने आशेने विभाताईंकडे पाहिले. "काकू, तुम्ही तरी सांगा."

"मी काय सांगू? संस्कृत शिक्षकाचा मुलगा आहे तो. त्याला वचन बदलायला सांगणं सोपं, अर्थ बदलायला सांगणं कठीण. आता स्वतःहून बदलतोय तर बदलू दे. तू पोहे खा."

शैलेंद्र म्हणाला तसेच झाले. सोवन्यांच्या कबुलीचे वाक्य कराच्या विरोधकांनी उचलले आणि मिरवले. वस्तीतल्या लोकांचे मत अजमावण्याचा त्यांचा जो प्रकल्प संस्थेत चालू होता, त्याची मुदत संचालकांनी वाढवली नाही. ज्या तत्त्वावर त्यांची श्रद्धा होती, त्याचीच आपल्या हातून हानी झाली, हे शल्य त्यांना होते. विभाताईंनी त्यांना त्या दिवसांत खिडकीशी पुस्तक उघडून, पान न उलटता बसलेले पाहिले. श्रद्धा मात्र ढळली नव्हती. कार्बनला किंमत हवी, हे ते त्यानंतरही तितक्याच निश्चयाने म्हणत. फक्त 'लोकांनाही ती हवी आहे' हे वाक्य त्यांनी टाकून दिले.

ऑगस्टच्या रहिवासी-सभेत ओकुदा-सानांनी त्यांना बोलायला वेळ दिला. खालच्या मजल्यावरची सभेची खोली, घड्या घालायच्या खुर्च्या, पंख्याचा आवाज. सोवनी उठले आणि कमरेत वाकले.

"तुमचे शिक्के मी संमती समजलो," ते म्हणाले. "ती तुम्ही दिली नव्हती. मी घेतली. आज मी काही पटवून द्यायला उभा नाही. माझ्या म्हणण्यावर तुमच्या हरकती काय आहेत, त्या मला ऐकायच्या आहेत."

खोली गप्प झाली. विभाताई सांगतात, आयुष्यात नवऱ्याचा इतका अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता जितका त्या स्तब्धतेत वाटला. कारण हा बोलका माणूस, ज्याला समोर शांतता पसरली की ती भरून काढल्याशिवाय राहवत नसे, तो त्या दिवशी हात जोडून नुसता उभा होता. कोणीतरी खाकरले. पंखा फिरत राहिला. सोवनी उभेच.

"माझी हरकत आहे," कान्नो-सान म्हणाल्या. बसूनच बोलल्या, मग आपण बसलो आहोत हे ध्यानात येऊन उठल्या. "पैसा परत वाटू असं तुमच्या पानावर होतं. कोण वाटणार? त्यांनी वाटला नाही तर आम्ही कोणाच्या दारात जायचं? हे त्यात नव्हतं."

"नव्हतं," सोवनी म्हणाले. "उत्तर माझ्याकडेही नाही."

ह्या उत्तराने काय झाले कोण जाणे, पण मागच्या रांगेत एक बाई हसली, चेष्टेचे हसणे नव्हे, सुटल्यासारखे. मग एकाने सांगितले की सगळे पक्ष निवडणुकीपुरते हिरवे होतात आणि नंतर ओळखही देत नाहीत. दुसऱ्याने विचारले, मोठे कारखाने सवलत घेऊन सुटणार आणि आमचे शीतयंत्र मात्र महागणार की नाही. एका तरुण आईने उलट बाजू घेतली: मुलांसाठी आपण काही मोजायला नको का? तिला कोणी गप्प केले नाही. ओकुदा-सान, जे प्रमुख म्हणून कधी मत देत नसत, ते म्हणाले, "मी देईन किंमत. पण पैसा कुठे गेला ते दर वर्षी ह्या खोलीत येऊन कोणीतरी सांगायला हवं." आणि सोवन्यांकडे वळून, "तुम्ही नव्हे. तुम्ही फार लांबण लावता."

सगळे हसले. त्यांत सोवनीही होते.

त्या शरदात कान्नो-सानांनी पुन्हा घंटी वाजवली. फळी हातात देताना म्हणाल्या, "माझं मत बदललेलं नाही हं."

"बदलूही नका, घाई नाही," सोवनी म्हणाले. विभाताई आतून लोणच्याची बरणी घेऊन आल्या, आणि दोघी दारातच गुडघ्यांविषयी बोलत राहिल्या.

पुढे दीड वर्षाने सोवन्यांना यकृताचा विकार जडला. शेवटच्या महिन्यांत कान्नो-सान रोज भाताची पातळ पेज करून आणीत, उशाशी बसत, आणि कार्बनच्या किमतीसाठी सरकारने आणलेल्या नव्या योजनेवर दोघे हळू आवाजात वाद घालीत. एकदा विभाताईंनी औषधाची वेळ झाली म्हणून त्यांना थांबवले, तर सोवनी म्हणाले, "थांब जरा. ह्यांचा मुद्दा पुरा होऊ दे." दोन हजार चोवीसच्या हिवाळ्यात ते गेले. अंत्यविधीला इमारतीतले जवळजवळ सारे आले होते. विभाताई कोतोमध्येच राहतात. शाळा अजून सोडलेली नाही.

कार्बनच्या किमतीविषयी त्या इमारतीचे आजही एकमत नाही. रहिवासी-सभेत आता कोणताही प्रस्ताव आला की आधी हरकती विचारल्या जातात आणि लोक त्या उभे राहून सांगतात. कान्नो-सानांची हरकत कायम आहे.